सागरी सायकलमार्ग, व्हाया वारंगा फाटा

रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी मार्ग रायगड जिल्ह्यात रेवसच्या धक्क्यापाशी सुरू होतो, असे नकाशा सांगतो. नकाशाचे म्हणणे कोकणापुरते खरे धरायला हरकत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सायकलस्वारापुरता मात्र हा मार्ग कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर सुरू होतो. अकोला, वाशीम, हिंगोलीकडून नांदेडला जाणारा रस्ता आणि नागपूर, यवतमाळ, उमरखेडकडून येणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. यातला दुसरा पुढे नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर अशी मजल मारत थेट रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरात उतरतो. नागपूरकर त्याला नागपूर–रत्नागिरी महामार्ग म्हणतात, रत्नागिरीकर मिऱ्या–नागपूर म्हणतात आणि वारंगा फाट्यावर त्याला नुसते ‘हायवे’ म्हणतात. फाट्यावर चहा पीत उभा असलेला माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, समुद्राच्या रस्त्यावरच उभा असतो. समुद्र तेवढा सहाशे किलोमीटरहून अधिक पुढे आहे.

वारंगा फाट्याचे भौगोलिक स्थान या विषयाला फार अनुकूल आहे. सरळ रेषेत मोजले तर पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर, दोन्ही इथून साधारण पाचशे किलोमीटरवर पडतात. समुद्रापासून दूर राहण्याचा इतका निःपक्षपाती प्रयत्न महाराष्ट्रात फार थोड्या गावांनी केला असेल. यातही एक गंमत आहे. फाट्यावर पडणारा पाऊस नाल्याओढ्यांनी वाहत शेवटी गोदावरीच्या पाण्यात जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. फाट्यावरून निघणारा हायवे मात्र अरबी समुद्राकडे जातो. पाणी एका समुद्राला आणि माणूस दुसऱ्या समुद्राला, अशी इथली विभागणी आहे.

‘फाटा’ या संज्ञेचाही खुलासा करायला हवा. जिथून रस्ता फुटतो तो फाटा, ही शब्दकोशातली व्याख्या झाली. प्रत्यक्षात फाटा म्हणजे ज्या गावाचे नाव घ्यायचे त्या गावाला न जाता भलतीकडे जाणाऱ्या लोकांचे एकत्र येण्याचे ठिकाण. वारंगा फाट्यावर रोज उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना नांदेड गाठायचे असते, हिंगोली गाठायची असते, हदगाव-उमरखेडकडे वळायचे असते. मधल्या वेळात ते खिचडी खातात. वारंगा फाट्याच्या खिचडीचे नाव मराठवाड्यात दूरवर आहे आणि ती खाण्यासाठी भूक लागणे बंधनकारक नाही. गाडी थांबणे पुरेसे असते. कोकणात फाट्याला ‘तिठा’ म्हणतात. रस्ता तिथेही फुटतो, पण खिचडी मिळत नाही. मराठवाड्यातल्या सायकलस्वाराला दोन प्रदेशांतला हा मूलभूत फरक पहिल्याच दिवशी, बहुधा दुपारी दोनच्या सुमारास कळतो.

सफरीआधी सराव करण्याची पद्धत आहे. सागरी मार्गाला दोन गोष्टी लागतात: पाणी आणि प्राचीन बांधकाम. हिंगोली जिल्ह्यात दोन्हींची सोय आहे. पाण्यासाठी पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे. ते भरले असताना पलीकडचा काठ अंधुक दिसतो, वाऱ्याने लाटा उठतात आणि कोणीतरी हमखास म्हणतो, ‘एकदम समुद्रावानी वाटायलंय.’ असे म्हणणाऱ्याने समुद्र पाहिलेलाच असतो असे नाही. पण ज्यांनी पाहिला आहे तेही मान डोलावतात. प्राचीन बांधकामासाठी औंढा नागनाथ आहे. या देवळाचा कोरीव दगडी खालचा भाग यादवकाळातला आणि वरचा चुनेगच्ची भाग नंतरचा, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. मूळ देऊळ धर्मराजाने बांधले, अशी श्रद्धा आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देवळाने तोंड फिरवले, असेही सांगतात. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यातले. ते इथून निघून पंढरपूरमार्गे पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले आणि तेही पायी. त्यामुळे ‘हिंगोलीच्या माणसाला एवढे लांब जमेल का?’ हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे.

या सफरीचे वाहन म्हणजे सायकल. तिचे दोन प्रकार पडतात: घरात असलेली आणि घरात नसलेली. घरात असलेली सायकल काळी, दांड्याची, मागे मजबूत कॅरिअर असलेली असते. आजच्या पन्नाशीतल्या माणसाने तिच्यावर आधी लंगडी मारत, मग दांड्यावरून आणि शेवटी सीटवरून, अशी तीन इयत्तांत विद्या घेतलेली असते. घरात नसलेली सायकल म्हणजे गियरची. ती विकत आणल्यावर किंमत सांगण्याची वेळ येते. घरी सांगायची किंमत, मित्रांना सांगायची किंमत आणि पावतीवरची किंमत या तीन स्वतंत्र संख्या असतात. फाट्यावर विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत: ‘कितीला पडली?’, ‘गेर किती हायत?’ आणि उत्तरे ऐकून झाल्यावर, ‘एवढ्यात मोटारसायकल आली असती की!’ या तिसऱ्या वाक्याला उत्तर नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांच्यातले तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. त्यांनाही वाटेत कुठेतरी हा प्रश्न आपापल्या भाषेत विचारणारा कोणी भेटला असणार.

फाट्यापासून समुद्राला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हायवेचा. तो सचोटीचा आहे, पण त्याने गेल्यास सायकलस्वार रत्नागिरीला पोहोचतो, म्हणजे सागरी मार्गाच्या मध्यावर. पुस्तक मधल्या पानावर उघडल्यासारखी त्याची अवस्था होते आणि पहिली पाने वाचण्याइतके पाय शिल्लक राहिलेले नसतात. दुसरा मार्ग नांदेडहून पनवेलच्या रेल्वेचा. सायकल पार्सल म्हणून चढवावी लागते. तिच्या दांड्याला नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधली जाते, पावती फाडली जाते आणि ‘पेट्रोल काढलं का?’ असे हमाल सवयीने विचारतो. पनवेलहून पेण-अलिबागच्या बाजूने रेवस गाठता येते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचनेही रेवसला उतरता येते. समुद्राची सफर समुद्रातूनच सुरू झाली, असे समाधान त्यात आहे. कपडे ओले होतात, ते वेगळे.

रेवस ते रेडी हा मार्ग सरकारी दफ्तरात प्रमुख राज्यमार्ग ४ आहे. महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर लांब, ही शाळेत पाठ केलेली संख्या. त्यातला सुमारे पाचशे किलोमीटरांचा पट्टा हा मार्ग सांभाळतो. अलीकडे, डोंगराच्या बाजूने मुंबई–गोवा महामार्ग जातो. त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालू असल्याने त्याच्याविषयी भूतकाळात लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही. सागरी मार्ग त्या मानाने शांत, अरुंद आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जाणारा आहे. समोरून एसटी आली की सायकलस्वाराने वाडीत उतरायचे असते. वाडीच्या मालकाला याचे काही वाटत नाही.

नकाशावर समुद्रकाठचा रस्ता निळ्या कडेला धरून जातो, म्हणून तो सपाट असावा असा समज होतो. मराठवाड्यातून येणाऱ्यांचा तर हा पक्का समज असतो, कारण समुद्रसपाटी या शब्दातच सपाटी आहे. वस्तुस्थिती अशी की कोकणचा रस्ता समुद्रसपाटीला फक्त टेकून येतो. पुळणीवरून तो जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो, सड्यावर दोन-तीन किलोमीटर दम खाऊ देतो आणि पुढच्या खाडीत उतरतो. खाडी ओलांडली की पुन्हा सडा. दिवसाअखेर सायकलस्वार एखाद्या मोठ्या घाटाइतका चढून आलेला असतो आणि राहिलेला असतो पुन्हा समुद्रसपाटीलाच. या चढावर सत्तावीस गियरांच्या सायकलीवरून उतरून ती ढकलत असताना मागून पोंऽ पोंऽ असा भोंगा वाजतो. तो पाववाला असतो. मागे कॅरिअरवर पावाची उंच पेटी, बिनगियरची सायकल, पायात स्लिपर. तो पुढे निघून जातो आणि वळणावर एका घराशी थांबून, सुट्टे पैसे मोजून, पुन्हा गाठला न जाण्याइतका पुढे असतो.

वाऱ्याचे मात्र शालेय पुस्तकात दिले आहे तसेच आहे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. भूगोलाच्या पेपरात दोन गुणांना विचारला जाणारा हा प्रश्न सायकलवर चाळीस किलोमीटरना विचारला जातो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून रेवसहून रेडीकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी तो असतो. उलट दिशेने जाणाऱ्यांना हा वारा प्रत्येक दुपारी भेटतो आणि त्यांना या मार्गाविषयी फारसे चांगले बोलता येत नाही. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि सायकल रस्त्यावर चालते की पाण्यावर, याविषयी मतभेद होतात.

पहिला मोठा थांबा अलिबाग. समोर कुलाबा किल्ला आहे. त्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाले आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडी लागते. भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशेब पंचांगावर चालतो: तिथीला पाऊणपट करायचे, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत आणि तिचा उपयोग काय, हे गुरुजींनी कधी सांगितले नाही. उपयोग हा होता. अष्टमीला ओहोटी भर बारा वाजता येते, ही वेळ सर्वांना सोयीची वाटते. पण अष्टमीची भरती-ओहोटी भांगाची असते, पाणी पुरते हटत नाही. त्यामुळे पाऊणकी आलेला पण भांग विसरलेला सायकलस्वार किल्ल्यात शिरतो तो गुडघ्यापर्यंत ओला.

पुढे चौल आणि रेवदंडा. चौल हे प्राचीन बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात सिमिल्ला किंवा सेमिल्ला या नावाने येणारे बंदर ते हेच, असे अभ्यासक मानतात. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे गलबतातून उतरला. त्याच्यासोबत विकायला आणलेला एक घोडा होता. बाहेरून स्वतःचे वाहन घेऊन या किनाऱ्यावर आलेला हा एक जुना प्रवासी. पुढे जुन्नरला तिथल्या सुभेदाराने तो घोडाच अडकवून ठेवला आणि धर्म बदलशील तर परत देतो, असे सांगितले. मध्यस्थीने घोडा सुटला, पण निकितिनच्या प्रवासवर्णनात त्या दिवसांची काळजी उतरली आहे. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. सायकल बाहेर उभी करताना सायकलस्वार तिला कुलूप लावतो, हे इतिहासाच्या दृष्टीने उचितच आहे.

रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या तटाबुरुजांचे अवशेष आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गाव. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले; जाताना भाषा न्यायची राहिली. कोर्लईत काही कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली बोलतात. पत्ता विचारला तर मराठीतच सांगतात आणि तो कोकणातल्या सगळ्या पत्त्यांसारखाच असतो: ‘हे काय, जवळच.’ कोकणात जवळच म्हणजे मध्ये एक घाटी असते. मराठवाड्यात ‘हितंच हाय’ म्हणजे मध्ये एक गाव असते. दोन्ही मापांचे किलोमीटरमध्ये रूपांतर करण्याचे सूत्र अजून निघालेले नाही.

यानंतर मुरूड-जंजिरा. बेटावरचा हा सिद्दींचा किल्ला अखेरपर्यंत कोणाला जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालून रस्ता करायला घेतला होता. उत्तरेकडून मोगलांचा धोका वाढला आणि ते काम राहिले. सागरी मार्गाचा खरा स्वभाव इथे कळतो. हा मार्ग जोडणाऱ्या रस्त्याचा नाही, राहिलेल्या रस्त्यांचा आहे. आगरदांडा ते दिघी खाडी, बागमांडला ते वेसवी सावित्रीची खाडी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची खाडी, तवसाळ ते जयगड शास्त्रीची खाडी: दर एक-दोन दिवसांनी रस्ता पाण्यात जातो आणि समोरच्या काठावर पुन्हा निघतो. मधला तुकडा फेरीबोटीचा. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे आणि तिच्यात ट्रक, जीप, मोटारसायकली, पाटीवाल्या मावशी आणि एक सायकल अशी मांडणी असते. सायकलला बोटीत सर्वांत कमी जागा लागते. म्हणूनच ती कुठे ठेवावी यावर बोटीतल्या सर्वांचे मत घेतले जाते.

जेटी म्हणजे पाण्यावरचा फाटा. बोट येईपर्यंत माणसे थांबतात, वडापाव खातात, एकमेकांना कुठून-कुठे विचारतात. ‘हिंगोली’ असे उत्तर आले की, ‘म्हणजे नांदेडकडे?’ असा प्रश्न येतो. वारंगा फाट्यावर ‘अलिबाग’ म्हटल्यावर, ‘म्हणजे मुंबईकडं?’ असे विचारतात. महाराष्ट्राचा भूगोल हा असा ‘कडे’वर चालतो.

बाणकोटच्या खाडीत एका पुलाचे खांब वर्षानुवर्षे उभे होते. वर रस्ता नव्हता. प्राचीन अवशेष आणि चालू प्रकल्प यांतला फरक या टप्प्यावर सायकलस्वाराला प्रथम नीट तपासावा लागतो. ढोबळ कसोटी अशी: ज्यावर झाड उगवले आहे आणि ज्याचा काळ फलकावर दिला आहे तो अवशेष, ज्यावर झाड उगवले आहे आणि ज्याचा खर्च फलकावर दिला आहे तो प्रकल्प. मराठी मुलखात जुने दगडी काम दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत केले, असे सांगण्याचा प्रघात आहे. कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, असे त्यात बहुधा असते. म्हणजे पांडवांचीही कामे राहत; पण निदान रात्र तरी एकच लागे.

सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यांतून निघालेली पिल्ले इथल्या पुळणीवरून समुद्राकडे जातात आणि दोन्ही बाजूंना माणसे श्वास रोखून उभी राहतात. मंद गतीने, थांबत-थांबत, तरी दिशा न चुकवता समुद्र गाठण्याची ही रीत पाहून काही सायकलस्वारांना स्वतःविषयी बरे वाटते. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही सागरी किल्ले याच वाटेवर येतात. चारही पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला. सायकलस्वाराला ते बहुतेक वेळा समोरच्या किनाऱ्यावरून दिसतात आणि छायाचित्रात सायकल मोठी, वारसा लहान येतो.

दाभोळला एक जुनी, देखणी मशीद आहे. तिची आख्यायिका या सबंध किनाऱ्याला लागू पडेल अशी आहे. विजापूरच्या राजघराण्यातली एक बेगम मक्केला जाण्यासाठी लवाजम्यानिशी दाभोळला आली, पण समुद्रप्रवास काही होईना. तेव्हा बरोबर आणलेला पैसा तिने इथेच मशीद बांधण्यात खर्च केला. या किनाऱ्यावरच्या बांधकामांचा मोठा हिस्सा अडकलेल्या लोकांनी उभा केला आहे, हे निरीक्षण इथपासून टिपून ठेवावे.

आहाराचा विषय दाभोळनंतर टाळता येत नाही. मराठवाड्यातल्या फाट्यावर जेवण आधी तयार होते आणि भुकेला माणूस मागून येतो. कोकणातल्या गावात भुकेल्या माणसाने आधी यायचे असते, किंवा फोन करायचा असतो, आणि जेवण मागून तयार होते. ‘सांगून ठेवलंत का?’ हा तिथला पहिला प्रश्न. सांगून ठेवले असेल तर आंबोळी, घावणे, सोलकढी, मासे, उकडीचे मोदक यांच्यापुढे तक्रारीला जागा नाही. सांगितले नसेल तर दुपारी एक ते चार या वेळात दुकानाच्या फळ्या लागलेल्या असतात आणि आत कोणीतरी घोरत असते. त्या वेळी वारंगा फाट्याच्या खिचडीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शाकाहारी सायकलस्वाराची अडचण आणखी वेगळी. त्याला दोडका मिळतो. पण वाढताना वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही कणव असते की दोडका घशाखाली उतरत नाही.

वेळणेश्वर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे असे करत मार्ग रत्नागिरीला येतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० साली राहायला गेला आणि १९१६ साली वारला. तीस वर्षांच्या मुक्कामात चोवीस वर्षे घर होण्याची वाट पाहण्यात गेली. घर बांधलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. रत्नागिरीतच मिऱ्या–नागपूर महामार्गाचा आरंभ आहे. सायकलस्वाराला तिथे एक चमत्कारिक मोह होतो. हा रस्ता धरला आणि कुठेही वळलो नाही, तर तो आपोआप वारंगा फाट्यावर नेऊन सोडेल. वळण चुकण्याची भीती नाही. चढ मात्र पहिलाच आंबा घाटाचा आहे. घाटाचे नाव ऐकल्यावर मोह ओसरतो आणि सायकल दक्षिणेला वळते.

राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत: जांभ्या खडकात कोरलेली माणसे, मासे, प्राणी, नुसत्या भौमितिक आकृती. त्यांतली काही हजारो वर्षे जुनी मानली जातात. २०२२ साली त्यांतल्या काही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्या. कशेळीचा कोरलेला हत्ती पंधरा मीटरहून मोठा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी आहेत. गुराखी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून चालत गेले. हत्तीच्या अंगावर उभ्या असलेल्या माणसाला हत्ती दिसत नाही. सायकलस्वाराने इथे सायकल लांब उभी करावी. स्टँडचा लोखंडी पाय इतक्या वर्षांनंतर हत्तीला लागू नये.

देवगड तालुक्यात विजयदुर्ग. इथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियमचा शोध इथेच लागला, असे सांगतात. यात दोन ग्रहणांची गाठ पडली आहे. १८६८ च्या ग्रहणात झान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता आणि नॉर्मन लॉकियरने सूर्यप्रकाशातल्या हेलियमच्या पिवळ्या रेषेचा अभ्यास त्याच वर्षी इंग्लंडात केला. लॉकियर विजयदुर्गला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी तो सामानसुमानासह सातासमुद्रापलीकडून आला होता. सहाशे किलोमीटरवरून सायकल घेऊन येणाऱ्याला खुळा म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मालवणला सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचे काम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत पुरे झाले. किनाऱ्यावर वेळेत पुरी झालेली कामे मोजायला बसले, तर या किल्ल्यापासून सुरुवात करावी लागते. इथून पुढे भाषा बदलते. ‘खय जातलास?’ असे विचारले की वारंग्याच्या माणसाला ‘कुठं चाललाव?’ हा घरचाच प्रश्न नव्या कपड्यांत ऐकू येतो. उत्तरही तेच द्यावे लागते आणि त्यावरची प्रतिक्रियाही तीच असते: ‘सायकलीन? कित्या?’

वेंगुर्ल्याला डचांची सतराव्या शतकातली वखार आहे, म्हणजे तिच्या भिंती आहेत. व्यापारासाठी आलेले लोक गेले, माल गेला, छप्पर गेले. पुढे रेडी: किनाऱ्यालगत झाडीत शिरलेला यशवंतगड, खाणीत सापडलेल्या मूर्तीचा गणपती आणि त्यापुढे तेरेखोलची खाडी. पलीकडे गोवा. प्रमुख राज्यमार्ग ४ इथे संपतो. तो संपल्याचा मोठा समारंभ नसतो. एक तिठा येतो, इतकेच.

परतीचा प्रवास ट्रॅव्हल्सच्या डिकीतून होतो. एसटीच्या टपावर सायकल बांधण्याचे दिवस, टपावर चढायची शिडी आणि ‘हळू, हळू’ म्हणत ती वर घेणारा कंडक्टर, हे सर्व बहुतेक ठिकाणी मागे पडले आहे. गाड्या बदलत सायकलस्वार वारंगा फाट्यावर उतरतो तो बहुधा अपरात्री. पुढचे चाक वाकडे झालेले असते. ते रेडीपर्यंत सरळ होते आणि डिकीत वाकले, हे कोणाला खरे वाटत नाही. खिचडी मिळते. समुद्र कसा आहे, असे विचारले जाते. ‘मोठा हाय,’ एवढेच उत्तर द्यायचे असते. खांदेरीपासून तेरेखोलपर्यंत सांगायला बसल्यास ऐकणाऱ्याची गाडी येते.

पुरावा म्हणून समुद्राचे पाणी बाटलीत भरून आणण्याची पद्धत आहे. घरी आजी ते डोळ्यांना लावते, नातवंडे बोट बुडवून चाखतात आणि तोंड वाकडे करतात. आठवड्याभराने पाण्याला वास येऊ लागतो. मग बाटली फाट्याजवळच्या नाल्यात रिकामी केली जाते. पुढच्या पावसाळ्यात ते अरबी समुद्राचे पाणी इतर पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एका बाटलीपुरता हा सागरी मार्ग दोन्ही किनाऱ्यांना जोडतो आणि तोही वारंगा फाट्यावरूनच.